जागा धरणारा थर्मास

मित्रांनो, थर्मास म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे चहा येईल, आजारी माणसाची पेज येईल, फार तर तान्ह्या बाळाचं दूध येईल. तेही माझ्या वाट्याला आलं, नाही असं नाही. पण खरं सांगू का, माझं आयुष्य गेलं ते खुर्च्या धरण्यात. मी आहे निळ्या पत्र्याचा, पोचे आलेला एक म्हातारा थर्मास. सध्या मुक्काम अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावी, स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत वरच्या कपाटात. शेजारी एक पुरणयंत्र आहे, पण ते वर्षातून एकदा होळीला बाहेर जातं आणि आल्यावर त्याच गमजा मारत बसतं. त्याच्याशी काय बोलणार? म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. अंग पत्र्याचं, अंगावर दोन गुलाब, तोंडाला बूच, बुचावर पेला, आणि पोटात आरशासारखी चकाकणारी काच. आम्हा थर्मासांचं सगळं मोल त्या काचेत असतं. बाहेरून आपटलो तर नुसता पोचा येतो. आतून फुटलो की खुळखुळा होतो आणि संपतोच. त्यामुळे आम्ही जात्याच जपून राहतो, आणि जपून राहणारे असतात तसे थोडे चिडकेही असतो.

वसुधाबाईंच्या लग्नात मी रुखवतात होतो. रुखवत म्हणजे मुलीबरोबर सासरी जाणाऱ्या वस्तू टेबलावर मांडून ठेवतात ना, ते. त्यांच्या मावशीने मला दिलं होतं. एका बाजूला विणलेलं तोरण, दुसऱ्या बाजूला साखरेचा बंगला, आणि मधोमध मी. नवरदेव चारुदत्त नुकतेच डॉक्टर झाले होते आणि त्यांना शिकागोच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती. विमानात सामान नेमकंच न्यायचं होतं, तेव्हा वसुधाबाईंनी बॅगेतून एक जाड पातेलं काढलं आणि मला आत घातलं. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, तिकडे काय चहाची भांडी मिळत नाहीत? पण वसुधाबाईंनी मला काही बाहेर काढलं नाही. तेव्हापासून मी त्यांचा.

अमेरिकेत आलो तर काय पाहतो, बाहेर हाडं फोडणारी थंडी आणि लोक पाण्यात बर्फ घालून पितायत! चहात बर्फ, दुधात बर्फ, जेवायला बसलं की आधी बर्फाचा खळखळाट. म्हटलं, झालं, इथे आपल्याला कोण विचारणार? पण वसुधाबाईंना सुंठ घातलेलं गरम पाणी लागायचं आणि डॉक्टरांना दर दोन तासांनी चहा. माझं पोट कधी रिकामं राहिलं नाही.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशनच्या आधी रोग्याला झोपवायचं त्यांचं काम. रोग्यांना ते अगदी वेळेवर झोपवत, पण स्वतः आयुष्यात कुठे वेळेवर पोचले नाहीत. मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की ते वसुधाबाईंना हॉलच्या दाराशी सोडत आणि गाडी लावायला जात. गाडी लावायला दोन मिनिटं, पण पार्किंगमध्ये ज्याच्या-त्याच्याशी गप्पा मारायला अर्धा तास. इकडे हॉल भरत आलेला. मग वसुधाबाई तिसऱ्या रांगेत बसत आणि शेजारच्या खुर्चीवर मला ठेवत. आपल्याकडे रुमाल टाकून जागा धरतात, तसं. कोणी विचारलं, “इथे कोणी आहे का?” की मान न वळवता त्या म्हणत, “आहे. येतायत.”

आणि ते येत. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले की लोकांच्या गुडघ्यांवरून, सॉरी सॉरी करत, कोणाच्या तरी पायावर पाय देत डॉक्टर येत. मला उचलत, बसत, मला दोन पायांच्या मध्ये ठेवत आणि अंधारात पेल्यात चहा ओतत. निम्मा आधी वसुधाबाईंना देत. नाटकं, गाण्याच्या मैफली, मुलांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे हेच. मंडळात मला ओळखत नसेल असा माणूस नव्हता. थर्मास खुर्चीवर दिसतोय म्हणजे डॉक्टर पार्किंगमध्ये आहेत, असं लोक हसून म्हणायचे. मित्रांनो, थर्मासाला याहून मोठा मान कुठला मिळायचा? मी तर अगदी शेफारून गेलो होतो.

मग मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. आजारपण नाही, काही नाही. दुपारी आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता मान कलली ती कललीच. लेक इला दूर पश्चिम किनाऱ्याकडच्या बॉथेल गावाहून आली, महिनाभर राहिली आणि परत गेली, तिची नोकरी आणि तिची शाळेतली मुलं तिकडे. लोक डबे घेऊन आले. डबे रिकामे होऊन परत गेले, आणि मग येणारेही हळूहळू कमी झाले. घर एवढं मोठं होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या वर्षीच्या गणपतीच्या कार्यक्रमाला वसुधाबाई एकट्या गाडी चालवत गेल्या. तिसऱ्या रांगेत बसल्या. आणि हाताला वळण पडलेलं, त्यांनी मला पिशवीतून काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. पुण्याहून नव्याने आलेली अनुष्का नावाची एक मुलगी वाकून म्हणाली, “मावशी, इथे कोणी आहे का?”

वसुधाबाई म्हणाल्या, “आहे. येतायत.”

शब्द तोंडातून गेला आणि त्या दचकल्या. मीही दचकलो. मला वाटलं, आता मला उचलतील आणि त्या पोरीला बस म्हणतील. पण त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि तो कार्यक्रम संपेपर्यंत काढला नाही. माझ्या पोटात त्या दिवशी चहा नव्हता. सुंठेचं पाणीही नव्हतं. मला रिकामंच आणलं होतं, नुसता खुर्चीवर ठेवायला.

तेव्हापासून तेच सुरू झालं. कुठेही जायचं तर मी बरोबर, रिकामा, आणि शेजारची खुर्ची माझी. लोक वाईट नसतात हो, पण ओशाळतात. एकदा ‘येतायत’ ऐकलं की दुसऱ्यांदा विचारायला जीभ उचलत नाही. लांबून नमस्कार करत, कशा आहात म्हणत, आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसत. इला फोनवर विचारायची, “आई, आर यू मीटिंग पीपल?” वसुधाबाई म्हणायच्या, हो, परवाच मंडळात गेले होते. खोटं नव्हतं ते. पण मंडळात जाऊन त्या माझ्या शेजारी बसून यायच्या, हे इलाला कोण सांगणार?

विचारणारं माणूस एकच उरलं होतं. सुलभाबाई. मूळच्या नागपूरच्या, बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की माझ्या काचेला कंप सुटावा. दोघींच्या मुली एका शाळेत होत्या, तेव्हापासूनची मैत्री. त्या येत, खुर्चीकडे बघत, “सरक, बसू दे मला,” म्हणत. वसुधाबाई नुसत्या हसत आणि मला काही हलवत नसत. सुलभाबाई मागच्या रांगेत बसत, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारत. एवढा एकच धागा राहिला होता, मित्रांनो. हा तुटला की वसुधाबाईंच्या शेजारी जन्मभर मीच, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मी बोलणार कसा?

चीनची सहल डॉक्टरांनी ठरवली होती. हॉस्पिटलातल्या त्यांच्या खोलीत एक कॅलेंडर होतं, त्यावर ली नदीचं चित्र होतं. निवृत्त झालो की हे बघायचं, असं त्यांचं कित्येक वर्षं चाललं होतं. पुढच्या वर्षी जायला शिकागोच्या मराठी मंडळींचा एक ग्रुप निघाला तेव्हा त्यांनी दोघांची नावं दिली, आणि नावं देऊन ते निघून गेले. वसुधाबाई सगळंच कॅन्सल करायला निघाल्या होत्या. इला म्हणाली, बाबांचं तेवढं कॅन्सल कर, तू जा, सुलभा मावशी आहे ना सोबत.

असा मी चीनला गेलो. विमानतळावर एका धिप्पाड माणसाने माझं बूच काढून पोटात टॉर्च मारला आणि बराच वेळ आत बघत राहिला. आत काय सापडणार होतं त्याला?

पण चीनमध्ये उतरलो आणि माझे डोळेच उघडले. ज्याच्या-त्याच्या हातात थर्मास! पोराटोरांच्या दप्तरात, पोलिसाच्या टेबलावर, बसच्या ड्रायव्हरपाशी. स्टेशनात भिंतीला नळ, आणि त्या नळाला उकळतं पाणी, कोणीही यावं आणि भरून घ्यावं. उभा जन्म बर्फाच्या मुलखात काढलेल्या मला माहेरी आल्यासारखं झालं. वाटलं, आता तरी बाई मला भरतील. पण त्या नळासमोरून मला तसाच घेऊन पुढे जायच्या.

आता त्या दिवसाचं सांगतो. त्या दिवशी आमच्या ग्रुपला ग्वांगशी नावाच्या प्रदेशातून ग्वांगडोंग नावाच्या प्रांतात जायचं होतं. सकाळी ग्वीलिन गावाजवळून बोटीने निघायचं, ली नदीतून डोंगर बघत बघत यांगशुओ गावी उतरायचं, तिथून स्टेशनवर जाऊन वेगवान गाडी पकडायची, आणि संध्याकाळी ग्वांगझू शहर गाठायचं. ऑक्टोबर होता. ग्वीलिनच्या रस्त्यांवर झाडांना बारीक पिवळी फुलं आली होती आणि त्यांचा गोड वास बसच्या खिडकीतून आत येत होता. वसुधाबाई बसमध्ये पुढून चौथ्या बाकावर, त्यांच्या शेजारी मी.

बोट सुटली. मित्रांनो, ते डोंगर मी कसे सांगू? पानावर भाताच्या मुदी पाडाव्यात तसे ते डोंगर नदीच्या दोन्ही काठांना उभे. एक मूद संपली की दुसरी, तिच्यामागे धुक्यात तिसरी. पाण्यात म्हशी डुंबत होत्या. बांबूच्या तराफ्यावर एक म्हातारा कोळी मासे धरायला शिकवलेले दोन पाणकावळे घेऊन उभा होता, आणि फोटो काढणारी बोट आली की ऐटीत काठी वर करत होता. गाइडने एक चिनी नोट काढून दाखवली, तिच्यावर हाच देखावा छापलेला होता. सगळे ती नोट आणि डोंगर ताडून बघायला गच्चीवर धावले. वरून भडंगाच्या पिशव्या उघडल्याचे आवाज आणि हसणं खाली येत होतं.

वसुधाबाई खाली खिडकीशीच बसून राहिल्या. शेजारच्या खुर्चीवर मी. कॅलेंडरवर डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं होतं तेच डोंगर समोर आले तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे मान वळवली, काहीतरी सांगायला वळवावी तशी, आणि मग परत बाहेर बघू लागल्या. एवढ्या माणसांनी भरलेल्या बोटीत त्या इतक्या एकट्या होत्या की मला पत्र्यातून ते कळत होतं.

तेवढ्यात सुलभाबाई धापा टाकत खाली आल्या. हातात फोन, फोनमध्ये शंभर फोटो, ते कोणाला तरी दाखवायचे होते. त्यांनी थेट माझ्या गळ्याला हात घातला आणि मला उचलायला गेल्या. वसुधाबाईंनी झटकन माझ्यावर हात दाबला.

“असू दे तो तिथे.”

सुलभाबाई उभ्याच राहिल्या. या वेळी त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांचा एरवीचा घणघणीत आवाज एकदम खाली आला.

“वसुधा, मी दर वेळी विचारते आणि तू दर वेळी हा डबा पुढे करतेस. चारुदत्त गेल्याचं मला काही वाटलं नाही असं समजतेस का तू? मी पलीकडे बसेन, माझं काय. पण आता यापुढे मी विचारणार नाही.”

मला डबा म्हणाल्या, तेही मी गिळलं. त्या पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि फोन पर्समध्ये टाकला. वसुधाबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण मग मान खिडकीकडे वळवली. मला इतका राग आला, स्वतःचाच. वाटलं, बोट जराशी कलंडावी आणि मी नदीत गडगडत जावं. पण ली नदी कसली शांत, टेबलावरच्या पेल्यातलं पाणीही हलत नव्हतं.

यांगशुओला उतरलो. बाजार बघितला, पंखे, छत्र्या, रेशमी पिशव्या. सगळ्यांनी काही ना काही घेतलं. सुलभाबाई पुढे, वसुधाबाई मागे, मध्ये सगळा ग्रुप. मग बसने स्टेशन, तिथे पासपोर्टची तपासणी, आणि गाडी. गाडीत जागा ठरलेल्या होत्या आणि आमचा ग्रुप डबाभर विखुरला होता. वसुधाबाईंना खिडकी मिळाली. शेजारची जागा मोकळी. ग्रुपच्या यादीत शेजारचं नाव डॉक्टरांचं होतं, ते कॅन्सल झालं, म्हणजे ही जागा आता मोकळीच राहणार, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं. मला तिथे ठेवलं, डोकं काचेला टेकवलं आणि डोळे मिटले. त्यांना झोप लागली नव्हती. नुसते मिटले होते.

गाडी कसली, वारा. बोगदा, डोंगर, पुन्हा बोगदा. हझोऊ नावाचं स्टेशन आलं तेव्हा एक आजी चढल्या. वय वसुधाबाईंएवढंच, थोडं जास्तच असेल. केस आखूड, अंगात फुलाफुलांचं जाकीट, एका हातात संत्र्यांची जाळी, दुसऱ्या हातात माझीच एक चिनी भाची, पारदर्शक बाटली, आत चहाची पानं तरंगणारी. आकडे बघत बघत आजी आमच्यापाशी आल्या आणि थांबल्या. त्यांनी मला पाहिलं. खिडकीशी डोळे मिटून बसलेल्या बाईंना पाहिलं. फोनवर आपला नंबर पुन्हा बघितला. नंबर बरोबर होता. मी जिथे बसलो होतो ती त्यांची जागा होती.

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार आणि मला खाली ठेवणार. पण आजींनी संत्र्यांची जाळी पायाशी ठेवली, बाकाच्या कडेला हात धरला आणि उभ्या राहिल्या. गाडी सुटली, तरी उभ्या. बोगद्यात शिरली, तरी उभ्या. गाडी वळली की त्यांचा तोल जायचा, त्या कड घट्ट धरायच्या, एक पाय उचलून दुसऱ्यावर घासायच्या. त्यांचे घोटे सुजलेले मला दिसत होते. अहो आजी, बसा, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. थर्मासाला एवढंही करता येत नाही.

बराच वेळ गेला. पुढच्या रांगेतून सुलभाबाईंनी मान वळवली. उभ्या आजी त्यांना दिसल्या, मी दिसलो, आणि काय झालंय ते त्यांच्या ध्यानात आलं. विचारणार नाही असं सकाळीच सांगितलं होतं त्यांनी. तरी त्या उठून आल्या. वसुधाबाईंना काही म्हणाल्या नाहीत. फोन काढला, त्यातलं भाषांतर सुरू केलं आणि आजींना विचारलं, तुम्ही उभ्या का, ही जागा तुमची आहे ना?

आजी फोनमध्ये काहीतरी बोलल्या, बोलताना हसल्या. मग फोनमधली बाई छापील मराठीत म्हणाली, “या आसनावर कोणाचे तरी सामान आहे. ते गृहस्थ हात धुवायला गेले असतील. ते परत येईपर्यंत मी उभी राहीन. मला घाई नाही.”

वसुधाबाईंचे डोळे उघडले होते. त्यांनी आजींच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा असा झाला की पुन्हा तसा बघायची वेळ माझ्यावर न येवो.

“सुलभा,” त्या म्हणाल्या, “त्यांना सांग ना…”

सुलभाबाईंनी फोन त्यांच्या तोंडाशी धरला. “तूच सांग.”

वसुधाबाई फोनकडे वाकल्या. दीड वर्ष ज्या शब्दांना त्यांनी घरात येऊ दिलं नव्हतं ते शब्द त्या एका परक्या बाईला, परक्या मुलखात, एका फोनला सांगत होत्या.

“ते येणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “आमचे हे गेले. ते येणार नाहीत. तुम्ही बसा.”

फोन चिनीत बोलला. आजींचं हसू मावळलं. त्यांनी वाकून मला दोन्ही हातांनी उचललं, देवाची मूर्ती उचलावी इतक्या बेताने, आणि वसुधाबाईंच्या मांडीवर ठेवलं. मग बसल्या आणि पाय लांब केले. बाहेर एक स्टेशन मागे गेलं. गाइड पुढून सांगत होती की ग्वांगशी मागे पडलं, आपण ग्वांगडोंगमध्ये आलो. वसुधाबाई रडत होत्या. हुंदके नाहीत, आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं आणि माझ्या पत्र्यावर टपटप पडत होतं. डॉक्टर गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

थोड्या वेळाने आजींनी मला पुन्हा हातात घेतलं, हलवून पाहिलं आणि भुवया वर केल्या. उचललं तेव्हाच त्यांना कळलं असणार की मी रिकामा आहे. सुजल्या पायांनी त्या उठल्या आणि मला डब्याच्या टोकाला नळापाशी घेऊन गेल्या. गार पडलेल्या म्हाताऱ्या काचेत एकदम उकळतं पाणी! तडकलो तर? पण त्या जुन्या जाणत्या होत्या. आधी पेलाभर ओतून मला विसळलं, ते पाणी फेकलं, मग भरलं. मित्रांनो, पोटात ऊब आली. दीड वर्षाने आली. मी परत वसुधाबाईंच्या मांडीवर आलो तेव्हा जड होतो, आणि त्यांनी दोन्ही हात माझ्याभोवती धरले ते ग्वांगझू येईपर्यंत.

स्टेशनात आजी गर्दीत दिसेनाशा झाल्या. जाताना दोन संत्री ठेवून गेल्या.

बाहेर आमची बस उभी होती. संध्याकाळ झाली होती, उंच इमारतींवर दिवे लागत होते. वसुधाबाई आधी चढल्या आणि खिडकीशी बसल्या. सवयीने त्यांनी मला शेजारच्या जागेवर ठेवलं. मग थांबल्या. मला उचललं आणि खाली, पायाशी ठेवलं. आणि दाराकडे बघत बसल्या.

एकेक जण चढला. शेवटी सुलभाबाई चढल्या. आल्या, आमच्या बाकापाशी पोचल्या, आणि दिलेल्या शब्दाला जागून काही न विचारता पुढे गेल्या. शेजारची जागा बघितलीही नाही त्यांनी. बघायची सवयच वसुधाबाईंनी मोडली होती ना. मागे कुठेतरी त्यांची पर्स आपटल्याचा आवाज आला. मी खालून बाईंचे पाय बघत होतो. पायांची बोटं चपलेत आवळली होती.

“सुलभा.”

मागे पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला.

“सुलभा, इकडे ये ना.”

पावलं आली आणि थांबली. “तिथे कोणी आहे ना?” सुलभाबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होत्या.

“नाही,” वसुधाबाई म्हणाल्या. “रिकामी आहे.”

जागा रिकामी आहे एवढंच त्या म्हणाल्या, पण म्हणजे काय म्हणाल्या ते बसमध्ये दोनच माणसांना कळलं, आणि तिसरा मी. सुलभाबाई बसल्या. हॉटेलपाशी उतरताना त्या म्हणाल्या, डोंगरांचे फोटो दाखवायचे राहिलेत.

परत आल्यावर वसुधाबाईंनी मला गरम पाण्याने धुतलं, उपडं घालून वाळवलं, बूच वेगळं केलं आणि या कपाटात ठेवलं. तेव्हापासून मला कोणी खाली काढलेलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला गाडी निघाल्याचा आवाज येतो आणि मी इथेच असतो. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? ज्याने चाळीस वर्षं भरल्या हॉलमध्ये खुर्च्या धरल्या त्याला पुरणयंत्राशेजारी बसून दिवस काढायचे म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. आणि बाईंचं एकटेपण संपलं असंही समजू नका. कपाटाच्या फटीतून मला जेवणाचं टेबल दिसतं. कधी कधी त्या समोरच्या खुर्चीकडे बघत राहतात आणि पानातला भात निवून जातो.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. आम्हाला जपा, पुसा, नीट ठेवा, असं सगळे थर्मास सांगतील. मी नाही सांगणार. कुठे सभेला, नाटकाला, लग्नाला गेलात आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी पर्स, शाल नाहीतर माझ्यासारखा एखादा थर्मास खुर्ची धरून बसलेला दिसला, तर लांबून नमस्कार करून पुढे जाऊ नका. जवळ जा, विचारा. नाही म्हणाले तर हवं तर रुसा, पण थोड्या वेळाने परत या. जागा धरून बसलेल्याला स्वतःहून हाक मारणं फार जड जातं हो. मी जवळून पाहिलंय.

माझी काच अजून शाबूत आहे. चहा ओतलात तर संध्याकाळपर्यंत गरम ठेवीन. पण शनिवारी सुलभाबाई येतात, पायातले बूट काढता काढताच त्यांचा आवाज सुरू होतो, आणि वसुधाबाई पातेल्यातून चहा सरळ दोन कपांत गाळतात. मला कोणी मागत नाही. गरम आहे तोवरच दोघी पिऊन टाकतात.